दोन डॉलर आणि एक शिक्का

सरकारी नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना शिक्क्याची महती निराळी सांगावयास नको. शिक्का नसेल तर सही अपुरी, आणि तारीख नसेल तर दोन्ही व्यर्थ. परंतु सर्व शिक्क्यांत टपालखात्याचा शिक्का विलक्षण होय. तिकिटाचे मोल संपविण्यासाठीच तो मारला जातो. अशा या शिक्क्याने चलनी नोटेस मात्र दीर्घायुष्य दिल्याचा एक प्रसंग अमेरिकेत घडला. त्याची हकीकत येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

अमेरिकी सरकारची दोन डॉलरची नोट १८६२ मध्ये निघाली. १८६९ पासून तिच्यावर टॉमस जेफर्सन यांचे चित्र आले. तथापि लोकांची माया तिच्यावर कधी जडली नाही. घोड्यांच्या शर्यतींवरील पैज आणि मतांची खरेदी यांच्याशी तिचे नाव जोडले गेले. कित्येक जण तिला अपशकुनी मानीत आणि अपशकुन टळावा म्हणून तिचा कोपरा फाडीत. दुकानदाराच्या गल्ल्यात तिला वेगळा कप्पाही नसे. अखेर १९६६ मध्ये सरकारने तिची छपाई बंद केली.

पुढे दहा वर्षांनी स्वातंत्र्याच्या घोषणेची द्विशताब्दी आली. ते निमित्त साधून १३ एप्रिल १९७६ रोजी, जेफर्सन यांच्या जन्मदिनी, ही नोट नव्या रूपात निघाली. तिच्या पाठीवर पूर्वी जेफर्सन यांचे माँटिसेलो येथील घर असे. आता तेथे जॉन ट्रंबुल यांच्या प्रसिद्ध चित्रावरून घोषणेचा मसुदा सादर होतानाचा देखावा कोरला गेला. अर्थखात्याचा हिशेब सरळ होता. एका डॉलरच्या दोन नोटांचे काम ही एकच नोट करील आणि छपाईचा खर्च वाचेल.

लोकांचा हिशेब मात्र निराळा होता. त्या दिवशी पुष्कळांनी बँकेतून कोरी नोट घेतली आणि तडक टपाल कचेरी गाठली. नोटेवर तिकीट चिकटविले आणि खिडकीवरील कारकुनाकडून त्यावर तारखेचा शिक्का मारून घेतला. साध्या पत्राचा दर तेव्हा १३ सेंट होता. तारीख १३, तिकीट १३ सेंटांचे, आणि स्वातंत्र्य पुकारणाऱ्या मूळ वसाहतीही १३! हा योगायोग संग्राहकांना आवडल्यास नवल नाही.

पण या हौसेचे मूळ याहून खोल आहे, असे आम्हांस वाटते. नोटेवर मालिकेचे वर्ष असते आणि बारा फेडरल बँकांपैकी एकीचे नाव असते. दिवस नसतो, गाव नसते. त्या मालिकेच्या सुमारे ५९ कोटी नोटा छापल्या गेल्या, आणि क्रमांक सोडल्यास त्या साऱ्या जवळजवळ सारख्याच. टपालाच्या शिक्क्याने त्यांतील एखादीस गाव आणि दिवस दिला. ‘त्या दिवशी आम्ही येथे होतो,’ असे सांगणारा तो दाखला झाला.

नुसत्या तारखेने हे साधत नाही. १३ एप्रिल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे १९१९ चे अमृतसर उभे राहते. तारीख तीच, परंतु गाव बदलले की तिचा अर्थ पालटतो. म्हणून शिक्क्यात दोन्ही लागतात.

या जपणुकीची किंमत सरकारला मोजावी लागली. चलन म्हणून काढलेली नोट लोकांनी ठेव म्हणून पेटीत ठेवली. ती बाजारात फिरली नाही, आणि काटकसरीचा बेत फसला. काही वर्षांत छपाई थांबली. पुढील मालिका निघाली ती थेट १९९५ ची. संग्राहकांचीही थोडी फसगतच झाली. सर्वांनीच जपल्यामुळे सामान्य शिक्क्याच्या नोटेस दर्शनी किमतीहून फारसे अधिक मिळत नाही. शिक्क्याने तिकीट रद्द झाले, पण नोट मात्र अद्याप दोन डॉलरची आहे.

आपल्याकडे गांधीजींच्या जन्मशताब्दीस, १९६९ मध्ये, स्मारक नोटा निघाल्या, आणि स्मारक तिकिटेही निघाली. नाशिक रोडला नोटा १९२८ पासून छापल्या जाऊ लागल्या, आणि तिकिटांचे मुद्रणालयही तेथलेच. वॉशिंग्टनमध्येही नोटांच्या सरकारी छापखान्यात १८९४ पासून २००५ पर्यंत तिकिटे छापली जात. दोघी बहिणी एका घरच्या. एक हातोहात फिरते, दुसरी गावोगाव जाते.

आपणां बदलीच्या लोकांचा जीव या दोहोंत सारखाच गुंतलेला असतो. पगाराच्या नोटा येतात आणि खर्चून जातात. त्या कोणत्या गावी मिळाल्या हे पुढे कोणास आठवत नाही. पण घरून आलेल्या जुन्या पाकिटावरील पुसट शिक्का पाहिला की कोणत्या साली आपण कोठे होतो हे क्षणात ध्यानी येते. त्या अमेरिकन गृहस्थांनी पैशाला पाकिटाचा हा गुण देऊ पाहिला. त्यांना व्यवहार कळला नाही, असे म्हणावयास आमची जीभ धजत नाही.