जबडा, जातं आणि गिरणीतला अर्धा तास

चिंपांझी दिवसाचे साधारण साडेचार तास नुसता चावत असतो. ओरांगउटान साडेसहा तास. आणि माणूस? जेमतेम पस्तीस मिनिटं. चावायला ताकदही लागते. 2022 साली संशोधकांनी 21 जणांना बेचव च्युइंगगम चघळायला देऊन त्यांच्या शरीराचा ऊर्जाखर्च मोजला. मऊ गमने तो सुमारे 10 टक्के वाढला, कडक गमने 15 टक्के. घास जितका कडक, तितकी जबड्याची मजुरी जास्त. आपण चावतोच थोडा वेळ, म्हणून दिवसभराच्या हिशेबात हा खर्च एक टक्काही भरत नाही.

ही सुटका केली विस्तवाने आणि दगडाने. शिजवलेलं, कुटलेलं, दळलेलं अन्न पटकन गिळता येतं. रिचर्ड रँगहॅम या मानववंशशास्त्रज्ञाचा सिद्धांत असा की रांधण्यामुळेच माणूस माणूस झाला. वाद असतील, पण शिजवण्याने वेळ वाचला हे उघड आहे. आमचा प्रश्न पुढचा आहे. तो वाचलेला वेळ कुणाच्या वाट्याला आला?

जबड्याचं काम नाहीसं झालं नाही, ते जात्यावर गेलं. आणि जात्यावर बसली बाई, कोंबडा आरवायच्या आधी. कडक घासही गावात सगळ्यांना सारखा आला नाही. आपल्या वाट्याला मेलेल्या ढोराचं मांस आलं, बलुत्याच्या शिळ्या भाकरी आल्या. मांस टिकावं म्हणून त्याच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या, त्या चान्या. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये या सगळ्या स्वयंपाकाची नोंद केली आहे. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस आणि शिळेउष्टे तुकडे सोडायला सांगितलं, तेव्हा प्रश्न चवीचा नव्हताच. सात्त्विक-तामसिकाची प्रवचनं झोडणाऱ्यांना हे कधी कळणार?

आता गिरणगावात या. माणसाला चावायला पस्तीस मिनिटं पुरतात म्हटलं, पण इथल्या गिरण्यांत कामगाराला तेवढीही हक्काची नव्हती. उजाडल्यापासून मावळेपर्यंत इंजिन चालायचं आणि माणसाने त्याच्या मागे धावायचं. सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांची सभा घेतली. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी, वेळेवर पगार, अपघात झाला तर भरपाई. आणि दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी. भाकरी सोडून चार घास खायला अर्धा तास, यासाठी अर्ज करावा लागत होता! ती मागणी कायद्यात यायला 1891 चा फॅक्टरी अ‍ॅक्ट उजाडला. रविवार त्याआधी, 1890 मध्ये मिळाला. दर रविवारी आरामात मटण चघळणाऱ्यांनी लोखंड्यांचं नाव लक्षात ठेवायला हरकत नाही.

तो अर्धा तास मराठा कामगाराला मिळाला तसा महारालाही मिळाला. पण तोंडाची गोष्ट तिथे संपत नाही. साचेखात्यात पगार बरा होता आणि तिथे अस्पृश्यांना मज्जाव होता. कारण ऐका. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी भरून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाची थुंकी लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. म्हणून अस्पृश्याचं तोंड तिथे चालत नव्हतं. आपल्या माणसांना कमी पगाराची रिंग आणि तसलीच खाती. त्या चोखण्याने छातीत रुई जायची. रोग भरणारं ते कामसुद्धा सोवळ्यात ठेवलेलं!

हे मालकाने नव्हे, सोबतच्या कामगाराने राखलं होतं. एप्रिल 1928 मध्ये गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. लाल बावट्याचे पुढारी वर्गाच्या एकजुटीवर बोलत होते. बाबासाहेब तेव्हा परळच्याच बी.आय.टी. चाळीत राहत. त्यांनी विचारलं, साचेखातं आम्हाला खुलं करण्याची मागणी तुमच्या यादीत का नाही? ती घेतली नाही तर अस्पृश्य कामगार संपात राहणार नाहीत, असं बजावलं, तेव्हा कुठे ती मागणी घेतली गेली. तीही मोठ्या नाखुशीने. मालकांनी हात वर केले: हा अन्याय असेलही, पण तो आमचा नाही.

एवढ्या उत्तरापुरतं मालक खोटं बोलत नव्हते. संप ऑक्टोबरमध्ये मिटला, भोंगे पुन्हा वाजले. साचेखात्यात त्यानंतरही कित्येक वर्षं आपला माणूस अपवादानेच दिसायचा.