अंत्यविधीची तयारी आणि मृताची अंतिम इच्छा

घरात मृत्यू घडला की दुःख आवरण्याआधीच निर्णय घ्यावे लागतात. दफन कोठे करायचे? मिस्सा केव्हा? परदेशातील मुलाची वाट पाहायची का? मृताची इच्छा कोणालाच ठाऊक नसेल, तर भावंडांत वाद होतात आणि प्रार्थनेची वेळ कटुतेत जाते. म्हणून आपली इच्छा हयातीतच स्पष्ट करणे ही कुटुंबावरील प्रीतीच होय.

ख्रिस्तसभेचा नियम

१९८३ च्या धर्मसंहितेनुसार (कॅनन ११८०) धर्मग्रामाची स्वतःची दफनभूमी असल्यास दफन तेथे होते. मात्र मृताने किंवा त्याच्या आप्तांनी रीतसर दुसरी दफनभूमी निवडली असल्यास त्या निवडीला मान आहे. मिस्सा अन्य चर्चमध्ये हवी असल्यास तेथील प्रमुख धर्मगुरूंची संमती घ्यावी व आपल्या धर्मगुरूंना कळवावे (कॅनन ११७७).

ख्रिस्तसभा दफनाचीच आग्रहाने शिफारस करते. १९६३ पासून दहनालाही मुभा आहे. मात्र ते ख्रिस्ती शिकवणुकीच्या विरोधातून निवडलेले नसावे. २०१६ च्या व्हॅटिकन सूचनापत्रानुसार रक्षा पवित्र स्थळी ठेवावी; ती नदीत वा समुद्रात विसर्जित करू नये.

हयातीत काय करावे

मृत्युपत्र बहुधा दफनानंतरच उघडले जाते. म्हणून अंत्यविधीविषयीची इच्छा वेगळ्या कागदावर लिहावी, त्यावर तारीख व सही असावी. एक प्रत घरच्या जबाबदार व्यक्तीकडे द्यावी व धर्मगुरूंनाही कल्पना द्यावी. दफनभूमी, कुटुंबाची कबर, आवडती वाचने व गीते, नेत्रदानाचा निर्णय हे सारे त्यात नमूद करावे. नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांतच करावे लागते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. मुंबई परिसरात जागेअभावी अनेक ठिकाणी कबर काही वर्षांनी पुन्हा वापरली जाते. त्यामुळे दफनभूमीचे नियम आधीच विचारून घ्यावेत.

मृत्यूच्या प्रसंगी

तैलाभ्यंग हा जिवंतांसाठीचा संस्कार आहे. आजार गंभीर होताच धर्मगुरूंना बोलवावे, शेवटच्या घटकेची वाट पाहू नये. मृत्यूनंतर डॉक्टरांचा दाखला घ्यावा. १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी. वेळ जाहीर करण्यापूर्वी धर्मग्रामाच्या कचेरीशी बोलावे. पवित्र गुरुवार, पास्काचे त्रिदिन, तसेच आगमन, प्रायश्चित्त व पास्का या काळांतील रविवारी अंत्यमिस्सा होत नाही. त्या दिवशी दफनविधी करता येतो. मिस्सा नंतर अर्पण केली जाते. अंत्यमिस्सेतील प्रवचन हे मृताचे गुणगान नसते. आठवणी सांगायच्या असतील तर त्यासाठी वेळ आधी ठरवून घ्यावा.

खर्चाच्या चिंतेने कोणी संकोचू नये. गरिबाला योग्य अंत्यविधीपासून वंचित ठेवता येत नाही, असे धर्मसंहिताच सांगते (कॅनन ११८१). शवपेटी साधी असली तरी चालेल. पुनरुत्थानाची आशा सर्वांसाठी सारखीच आहे.

आज सायंकाळच्या प्रार्थनेनंतर घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसा व त्यांची इच्छा विचारा. उत्तर कागदावर उतरवून ठेवा.