एक शहर, एक वर्ष, दोन परिषदा : पहिल्या महायुद्धानंतरचे नागपूर आणि काटोल

१/ ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहिले महायुद्ध थांबले. त्याच सुमारास मध्य प्रांत व वऱ्हाडात इन्फ्लुएंझाची साथ थैमान घालत होती. देशात सर्वाधिक बळी गेलेल्या प्रांतांत या प्रांताची गणना होते. पावसाने दगा दिला होता, धान्य आणि कापड महागले होते. काटोलच्या कापूसपट्ट्यात शांतता अवतरली ती अशा अवस्थेत.

२/ युद्धाने आशाही जागवल्या होत्या. १८९० च्या दशकात महारांसाठी लष्करभरतीचे दार बंद झाले होते. माणसांची निकड भासताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली. युद्ध संपल्यावर, १९२१ मध्ये, ती मोडण्यात आली. गरजेपुरती दिलेली प्रतिष्ठा गरज सरताच काढून घेतली गेली.

३/ १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी कायदेमंडळांचा विस्तार केला. आता प्रश्न उभा राहिला : तिथे कोणाच्या वतीने कोण बोलणार? या प्रश्नाची दोन निराळी उत्तरे १९२० या एकाच वर्षात नागपुरात दिली गेली.

४/ पहिले उत्तर ३० मे ते १ जून १९२० या काळात भरलेल्या अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेत मिळाले. अध्यक्षस्थानी छत्रपती शाहू महाराज होते. चार महिन्यांपूर्वीच ‘मूकनायक’ सुरू करणारे, २९ वर्षांचे डॉ. आंबेडकर तिथे उपस्थित होते. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदेमंडळाच्या सदस्यांनी निवडावेत, अशी डिप्रेस्ड क्लासेस मिशनची भूमिका होती. तिला या परिषदेने कडाडून विरोध केला. ज्या मंडळात सवर्णांचेच बहुमत, त्याने अस्पृश्यांचा प्रवक्ता ठरवणे तिला मान्य नव्हते.

५/ याच वेळी महार समाजातील पोटजातींचे सहभोजनही घडवून आणले गेले. राजकीय हक्क मागणाऱ्यांनी स्वतःच्या पंगतीतील भेदही त्याच वेळी मोडायला घेतले, हे लक्षणीय आहे.

६/ दुसरे उत्तर डिसेंबरमध्ये आले. विजयराघवाचारी यांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि असहकारावर शिक्कामोर्तब झाले. वार्षिक चार आणे भरणाऱ्यास सभासदत्व खुले झाले. अस्पृश्यता निवारणाचे आवाहनही झाले. प्रांतिक समित्या भाषेनुसार नेमण्याचे ठरले. सरकारी नकाशावर काटोल आणि जबलपूर एकाच मध्य प्रांतात होते, परंतु काँग्रेसच्या नकाशावर मराठी मध्य प्रांताचे केंद्र नागपूर झाले आणि हिंदी भागाचे जबलपूर. भाषा ही राजकीय ओळख ठरू लागली.

७/ पुढील घडामोडी वेगाने घडल्या. १९२३ हे एकच वर्ष पाहावे : नागपूरचा झेंडा सत्याग्रह, नागपूर विद्यापीठाची स्थापना आणि विदर्भ साहित्य संघाचा जन्म. याच दशकात जाईबाई चौधरी यांनी नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी शाळा चालवली. १९२० च्या दशकातच नागपूर-इटारसी लोहमार्ग पूर्ण झाला आणि त्यावरील काटोल उत्तर-दक्षिण वाहतुकीशी जोडले गेले.

८/ शालेय इतिहासात १९२० चे नागपूर म्हटले की डिसेंबरचे अधिवेशन हमखास येते. मे महिन्यातील परिषद बहुधा वगळली जाते. त्यामुळे युद्धोत्तर दशक परकीय सत्तेविरुद्धच्या एकाच लढ्याचे होते, असा समज होतो. वास्तविक त्या लढ्याच्या बरोबरीने, स्वराज्य आल्यास ते गावकुसाबाहेर पोहोचणार का, हा प्रश्नही तितक्याच स्पष्टपणे विचारला जात होता.

९/ तो प्रश्न नागपुरात पुन्हा पुन्हा उपस्थित झाला. ऑगस्ट १९३० मध्ये दलितवर्गीयांची अखिल भारतीय परिषद डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली येथेच भरली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी धम्मदीक्षेसाठी हेच शहर निवडले. त्या दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या वाटेचा आरंभीचा एक टप्पा म्हणजे १९२० च्या उन्हाळ्यातील ते तीन दिवस होत.