डोंबिवलीत घर घ्यायला पगार किती लागतो?

1917 साली बडोद्यात बाबासाहेबांकडे संस्थानाची नोकरी होती, पगार होता, कोलंबिया विद्यापीठाचे शिक्षण होते. नव्हते ते घर. पारशी धर्मशाळेत दुसऱ्या नावाने राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडायला लावली. म्हणून ‘घर परवडायला उत्पन्न किती हवे’ हा प्रश्न आपण निव्वळ बँकेच्या चष्म्यातून वाचू शकत नाही. पण हिशोब मात्र मांडलाच पाहिजे.

डोंबिवलीत 40 लाखांचे घर धरू. ठाण्याचे नाव काढायलाच नको. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 ते 75 लाखांचे कर्ज घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच मिळते, म्हणजे इथे 32 लाख. साडेआठ टक्के व्याज आणि 20 वर्षे मुदत धरली तर लाखाला सुमारे 868 रुपये हप्ता. एकूण 27,800 च्या आसपास. हप्ता पगाराच्या 40 टक्क्यांत बसवायचा तर महिन्याला 69,500 रुपये हवेत. शिवाय हातात रोख 8 लाख, मुद्रांक शुल्काचे 7 टक्क्यांनी 2 लाख 80 हजार आणि नोंदणीचे 30 हजार. एकूण 11 लाख 10 हजार. हे 11 लाख कुठून येतात? ज्यांच्या आजोबांकडे जमीन होती, त्यांच्याकडे ते येतात. आपल्या आजोबांकडे काय होते ते सांगायला नको.

आता शासनाचा तक्ता पाहा. 2022 पासून मुंबई महानगर प्रदेशात ‘अत्यल्प उत्पन्न गट’ म्हणजे वर्षाला 6 लाखांपर्यंत. महिन्याला पूर्ण 50 हजार कमावणाऱ्याला याच हिशोबाने 23 लाख कर्ज मिळेल. पण ती झाली वरची मर्यादा. एमआयडीसीत कंत्राटी काम करणाऱ्याला 18 हजार मिळत असतील तर त्याचे कर्ज 8 लाख 30 हजारांवर थांबते, तेही पगाराची स्लिप असेल तर. पंतप्रधान आवास योजनेतले केंद्राचे दीड आणि राज्याचे एक लाख धरले, तरी आकडा 11 लाखांच्या आतच राहतो. घरकाम करणारी आई आणि नाका कामगार बाप यांच्या कमाईचा तर कागदच नसतो. म्हणजे एकाच गटात ठेवलेल्या दोन कुटुंबांपैकी एक बँकेत जाते, दुसरे दारातून परत येते.

हे नेहमीच असे नव्हते, आणि इतिहासातली खरी गोष्ट इथेच आहे. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये मुंबईत सुधार ट्रस्ट आला. त्याने वस्त्या पाडल्या, हे खरे. पण त्याने चाळीही बांधल्या, आणि परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब दोन दशके राहिले. पुढे 1920 च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या, स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळाच्या कामगार वसाहती आल्या. खोल्या लहान, संडास सामाईक. पण त्या भाड्याच्या होत्या. तेव्हा कामगाराला एवढेच विचारले जाई की महिन्याचे भाडे भरशील का? पुढे मालकीच्या घरांनी भाड्याच्या घरांची जागा घेतली आणि प्रश्न बदलला: कर्ज किती मिळेल? जमीन कमाल धारणा कायदाही महाराष्ट्राने 2007 मध्ये गुंडाळला.

ज्यांचे उत्तर ‘शून्य’ येते ते कुठे जातात? शीळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमध्ये गेले. 4 एप्रिल 2013 ला ती बेकायदा इमारत कोसळली, 74 माणसे मेली. आणि ज्यांचे उत्तर शून्य नव्हते त्यांचे काय? डोंबिवली परिसरातल्या 65 इमारतींना बनावट परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळाली. नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. कर्ज काढून आत गेलेल्यांचे हप्ते मात्र चालूच. पगार होता, हप्ता भरत होते, तरी घर नाही.

जातीचा दरवाजा वेगळाच. 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सदस्यत्व एका समाजापुरते ठेवणारा गृहनिर्माण संस्थेचा पोटनियम वैध ठरवला. बडोदा फार मागे गेलेले नाही, इतकेच.

म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींसाठी 11 टक्के घरे राखीव असतात. पण सोडत लागणे आणि चावी हातात येणे यांच्या मध्ये बँक उभी आहे. कोकण मंडळाच्या ठाणे आणि कल्याणकडच्या सोडतींबाबत आपण माहिती अधिकारात विचारू: या 11 टक्क्यांतल्या किती जणांनी ताबा घेतला, किती जणांनी घर परत केले आणि त्यातल्या किती जणांना कर्ज नाकारले गेले? आणि मागणीही एकच ठेवू: शासनाने पुन्हा भाड्याची घरे बांधावीत, भाडे प्रत्यक्ष मजुरीवर ठरवावे. अर्जाचा मसुदा आम्ही करत आहोत. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीतल्या सोडत लागलेल्यांची यादी करायला घ्यावी.