दौलताबादचीं द्राक्षें व छाटणीचा पुरावा

इ. स. १३४२ नंतर इब्न बतूता दौलताबादेस आला. तेथील द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोनदां येतात, अशी नोंद त्यानें केली आहे. ही अतिशयोक्ति नव्हे. डाळिंबास पाणी तोडून बहार धरतां येतो. द्राक्षवेल थंड देशांत हिवाळ्यांत पानें गाळतो. दक्षिणेंत तो हिरवाच राहतो, आणि फळ तर नव्या फुटीवरच धरतें. ती फूट छाटूनच आणावी लागते. महाराष्ट्रांत आजहि एप्रिलांत काडीसाठीं खरडछाटणी व आक्टोबरांत फळासाठीं गोडीछाटणी करितात. सबब दोन पिकें म्हणजे दोन छाटण्या, असें अनुमान निघतें.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत (६ वें शतक) रोगी झाडाची प्रथम शस्त्रानें शुद्धि व मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप सांगितला आहे. परंतु ती चिकित्सा होय. फळासाठीं छाटणी हा निराळा विषय.

देवगिरीपासून सोनपेठपर्यंतचा टापू १९४८ पर्यंत निजामी अंमलांत होता. म्हणून फारसी व मोडी दोन्ही कागद पाहिले पाहिजेत. सोनपेठकडील संग्राहकांनीं बागाइती हिशेबांत छाटणीची मजुरी कोणत्या महिन्यांत पडली तें टिपावें. या वादांत महिनाच निर्णायक ठरेल.