नोकरीसाठी खिशातून केलेला खर्च आयकरात वजा होतो का?

कोल्हापुरातून रोज एसटीने इचलकरंजीला जाणारे शिक्षक असोत की गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले सुपरवायझर, रिटर्न भरायची वेळ आली की एक सवाल हमखास येतो. बसभाडं, पेट्रोल, मोबाइल रिचार्ज, पुस्तकं हा खर्च नोकरीसाठीच होतो, मग तो करातून वजा का होत नाही?

साफ जवाब असा: पगारदाराला असा खर्च पावत्या दाखवून वजा करता येत नाही. दुकानदार किंवा वकील आपल्या धंद्याचा खर्च वजा करतो. पगारदाराला त्याऐवजी कायद्याने एक ठराविक वजावट दिली आहे. ब्रिटनमध्ये नोकरदाराला गणवेश धुण्याच्या खर्चावरही सवलत मागता येते, पण तिकडच्या नातेवाइकांचा सल्ला इथे लागू पडत नाही.

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी काय मिळतं ते पाहू.

स्टँडर्ड डिडक्शन: नव्या करप्रणालीत ७५,००० रुपये, जुन्या प्रणालीत ५०,००० रुपये. पावती लागत नाही, पेन्शनरांनाही मिळते. २०१८-१९ पासून ही वजावट पुन्हा सुरू झाली, तेव्हा वर्षाला १९,२०० रुपयांच्या वाहतूक भत्त्याची आणि १५,००० रुपयांच्या वैद्यकीय खर्चाची करसूट बंद झाली. म्हणजे रोजच्या जाण्या-येण्याचा खर्च यातच धरलेला आहे.

व्यवसाय कर: पगारातून वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये कापले जातात. ते फक्त जुन्या प्रणालीत वजा होतात. महाराष्ट्रात महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर नाही.

भत्ते: ड्युटीवर असताना फिरण्यासाठी किंवा दौऱ्यासाठी मालकाने भत्ता दिला आणि तो खरोखर खर्च झाला, तर तेवढ्यावर दोन्ही प्रणालींत कर नाही. घर ते ऑफिस यात येत नाही. गणवेश भत्त्याची सूट फक्त जुन्या प्रणालीत आहे. भत्ताच मिळत नसेल तर सूटही नाही.

घरभाडे भत्ता: हीसुद्धा जुन्या प्रणालीतलीच सूट. मिळालेला भत्ता, मूळ पगार व महागाई भत्त्याचे ४० टक्के, आणि भाड्यातून त्याच पगाराचे १० टक्के वजा करून उरलेली रक्कम, या तिघांत सर्वांत कमी असेल ती करमुक्त. समजा असा पगार ३०,०००, भत्ता ४,५०० आणि भाडं ७,००० आहे. मग महिना ४,००० रुपयांची सूट मिळेल. अब्बांच्या मालकीच्या घरात राहून त्यांना भाडं देत असाल तरी चालतं, पण पैसे खरंच दिलेले हवेत आणि अब्बांनी ते आपलं उत्पन्न म्हणून दाखवायला हवं. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो.

आता मुद्द्याची गोष्ट. नव्या प्रणालीत फक्त पगाराचं उत्पन्न असेल, तर १२.७५ लाखांपर्यंत कर शून्य होतो. आपल्यातल्या बहुतेक घरांचा पगार याच्या आत आहे. तरीही काही एजंट "रिफंड काढून देतो" म्हणत खोटं भाडं, खोट्या देणग्या आणि नसलेले भत्ते दाखवतात. ते कमिशन घेऊन मोकळे होतात, नोटीस मात्र आपल्या नावावर येते. चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड, वर व्याज. मागच्या वर्षी असा दावा गेला असेल तर नोटीस येण्याआधी अपडेटेड रिटर्न भरून आणि जादा कर देऊन तो दुरुस्त करून घ्या.

रिटर्नपूर्वी फॉर्म १६ हातात घ्या आणि दोन्ही प्रणालींत हिशोब करून बघा. जुनी प्रणाली हवी असेल तर मुदतीच्या आतच रिटर्न भरावा लागतो. शिकवणीचं उत्पन्नही असेल तर ते वेगळं दाखवावं लागतं, त्याचा खर्च त्यातून वजा होतो. पासवर्ड एजंटाकडे ठेवू नका, आणि रिटर्न पाठवण्याआधी त्यातला प्रत्येक आकडा स्वतः वाचा.