भीमगीतांचा आवाज जपायचा, तर पूर्ण जपा!

ज्या समाजावर शेकडो वर्षे अक्षरबंदी होती, त्याचा इतिहास फक्त कागदावर शोधून चालत नाही. आमचा मोठा दस्तऐवज गळ्यात होता. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशाने तो लोकांपुढे मांडला. वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) तो हजारो गीतांत गुंफला. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या धनजसारख्या गावांतही घुमू लागले. पुढे सीडी आली. आता नव्या लॅपटॉपला सीडी लावायची सोयच नसते. मग काही मित्र विचारतात, "सगळं यूट्यूबवर आहे, जुन्या सीडी कशाला ठेवायच्या?"

प्रश्न तांत्रिक वाटतो, पण तो राजकीय आहे.

सीडीवर प्रत्येक सेकंदाला आवाजाची ४४,१०० मापे नोंदलेली असतात. प्रत्येक माप १६ बिटचे, आणि अशा दोन वाहिन्या. म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत याचा जेमतेम अकरावा हिस्सा उरतो. कानाला कळणार नाही असे गृहीत धरून बाकीचे टाकून दिले जाते. २००१ साली आलेला 'फ्लॅक' हा मोफत आणि खुला प्रकार मात्र काहीही टाकत नाही. फाइल लहान होते, पण उघडली की मूळ आवाज बिट न बिट परत मिळतो.

मोबाईलवर फरक कळत नाही, हे खरे. ऐकायला एमपीथ्री पुरेशी आहे. पण ती जपणुकीची प्रत नव्हे. फ्लॅकपासून एमपीथ्री केव्हाही बनते. एमपीथ्रीचा फ्लॅक केला तरी गेलेले परत येत नाही.

बाबासाहेबांचे 'रिडल्स इन हिंदुइझम' त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. १९८७ साली ते वसंत मून यांनी संपादित केलेल्या शासकीय खंडात आले, कारण हस्तलिखित टिकले होते. मूळ जपणाऱ्यांमुळेच पुढच्या पिढीला शस्त्र मिळते. कागदाला जो न्याय, तोच आवाजाला हवा.

दुसरा मुद्दा नावांचा. मेमरी कार्डात गीत 'भीमगीत ०७' होऊन जाते. वामनदादा गीताच्या शेवटी 'वामन' ही नाममुद्रा गुंफत, म्हणून त्यांचे नाव गीताबरोबर टिकले. पण ढोलकीवाला, कोरस, संगीतकार यांची नावे असलीच तर सीडीच्या वेष्टनावर असतात. वेष्टन फेकले की श्रम उरतो आणि श्रम करणारा पुसला जातो. जातिव्यवस्थेने आमच्या पूर्वजांचे हेच केले. आम्ही आमच्याच कलावंतांचे तेच करायचे का?

म्हणून आमचे म्हणणे असे :

पहिल्यांदा घरी 'राइट' केलेल्या सीडी उतरवा. त्यांचा रंगद्रव्याचा थर उन्हा-उष्णतेने खराब होतो आणि विदर्भाचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. शिवाय गावच्या जयंतीचे, जलशाचे ध्वनिमुद्रण बहुधा त्यांच्यावरच असते. त्याची दुसरी प्रत बाजारात मिळणार नाही.

फ्लॅकबरोबर वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचे फोटो ठेवा. कवी, गायक, वादक, वर्ष, सगळे फाइलमध्ये नोंदवा. नावे नसतील, तर गावातल्या जाणत्यांना आजच विचारा.

प्रती दोन हार्डडिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. एक तासाच्या सीडीला मूळ रूपातही सुमारे ६३५ एमबीच लागतात. फ्लॅकमध्ये त्याहून कमी.

आणि हा संग्रह विकू नका. ध्वनिमुद्रणावरचा हक्क कायद्याने ६० वर्षे असतो. आमच्या अनेक कलावंतांनी गरिबीत दिवस काढले. त्यांच्या वारसांचा हक्क आपणच बुडवू नये.

१४ एप्रिलला डीजे लावायला वर्गणी जमतेच. त्याच वर्गणीतून एक सीडी ड्राइव्ह आणि दोन हार्डडिस्क घ्या. उद्या कोणी 'तुमचा इतिहास कुठे आहे?' असे विचारले, तर तो त्यांना ऐकवता आला पाहिजे, गाणाऱ्याच्या नावासकट.

जयभीम!